गावाचं जंगल, गावाची पोरं आणि विज्ञान : अभ्यासगट उभा करण्याची रीत

२००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मिळाला की ग्रामसभेपुढे एक मोठं काम येतं, ते म्हणजे जंगलाचा व्यवस्थापन आराखडा. कुठल्या कक्षात (जंगलाच्या क्रमांक दिलेल्या तुकड्यात) बांबू किती, मोहाची नवी रोपं उगवतात की नाही, वणवा कुठून शिरतो, नाल्याला पाणी कुठवर टिकतं, हे मोजून कागदावर आणायचं असतं. गडचिरोली जिल्ह्यात असा हक्क मिळालेल्या ग्रामसभा शेकड्यांनी आहेत. पुष्कळ ठिकाणी हे काम बाहेरच्या जाणकारावर सोपवलं जातं. तो येतो, मोजतो, छापील आराखडा देऊन जातो. गावातली बारावी झालेली, शिक्षण अर्ध्यात सुटलेली, आयटीआय करून घरी बसलेली पोरं तेवढे दिवस त्याला जंगलाची वाट दाखवतात.

मोजमाप या पोरांनीच करावं, असं माझं ठाम मत आहे. आदिवासी तरुणाला विज्ञानाची गोडी लावायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. आज्याला जंगल कळतं आणि नातवाला मोबाइल कळतो. दोघांच्या मधे जो प्रश्न उभा आहे, तो गावाचा खराखुरा प्रश्न असला की विज्ञान आपोआप कामाला लागतं. हा लेख शिक्षकांसाठी, ग्रामसभेच्या कार्यकर्त्यांसाठी आणि गावाकडे परतलेल्या महाविद्यालयीन मुलामुलींसाठी आहे. उदाहरणं गडचिरोली-चंद्रपूरच्या गोंड-माडिया गावांतली आहेत. पालघरच्या वारली पाड्यावर किंवा अकोले तालुक्यातल्या महादेव कोळी गावात झाडं बदलतील, रीत तीच राहील.

आधी निर्णय शोधा, मग विषय

सुरुवात अभ्यासक्रमाने करू नका. ग्रामसभेत बसा आणि विचारा, येत्या वर्षभरात जंगलाबद्दल कुठला निर्णय घ्यायचा आहे? बांबू यंदा तोडायचा की एक वर्ष थांबायचं? तेंदू संकलन चालू ठेवायचं का? मोहाखाली आग लावायची प्रथा बंद करायची का? ज्या प्रश्नावर गावात दोन मतं आहेत, तो प्रश्न अभ्यासाला सगळ्यात चांगला. उत्तर मिळाल्यावर ते वापरायला गाव तयार बसलेलं असतं.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) या बाबतीत सगळ्यांच्या पुढे आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून, गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने, तिथे अभ्यासगट चालत होते. अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा, बाहेरचा जाणकार लागला तर त्यालाही बोलवायचं, पण निर्णय ग्रामसभेत आणि सर्वसहमतीने. ही विभागणी जशीच्या तशी उचलावी. पोरांचा गट माहिती आणेल, ठरवणार गाव.

गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने तर हक्क मिळाल्यावर तेंदूचं उत्पन्नच सोडून दिलं. तेंदूची पानं चांगली यावीत म्हणून झाडं छाटावी लागतात, आगी लागतात, आणि छाटलेल्या झाडाला टेंभरं धरत नाहीत. रोख पैसा सोडून फळ आणि जंगल राखायचं त्यांनी ठरवलं. तुमच्या गावाने हेच करावं असं मुळीच नाही. मात्र असा निर्णय घ्यायचा तर छाटलेल्या आणि न छाटलेल्या तेंदूचा फरक कुणीतरी मोजलेला हवा. तो मोजणारा गावातलाच का नसावा?

प्रश्न ठरला की ग्रामसभेचा ठराव घ्या. ठरावात पाच गोष्टी लिहा : प्रश्न काय, गटात कोण, मानधन किती आणि कुठून, नोंदी कुणाच्या मालकीच्या, आणि निष्कर्ष कुठल्या ग्रामसभेत मांडायचे. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायद्यामुळे या ठरावाला वजन आहे. वनरक्षकालाही त्याची प्रत द्या, म्हणजे पोरं फीत घेऊन जंगलात दिसली की विनाकारण चौकशी होणार नाही.

गटात कोण असावं

आठ ते बारा तरुण पुरेत. निम्म्या मुली हव्यातच, कारण मोह, चार (चारोळीचं फळ), रानभाज्या, कंद हे सगळं बायकांच्या हातातलं ज्ञान आहे आणि आजी ते नातीला जितकं मोकळेपणाने सांगते तितकं परक्या पोराला सांगत नाही. शाळा सुटलेल्यांना आवर्जून घ्या. गुरं राखलेला मुलगा जंगलात जे बघतो ते दुसऱ्या कुणाला दिसत नाही.

सोबत तीन-चार जुनी माणसं. गायता, भूमिया (गावाची पूजा बघणारे), वैदू, मध काढणारा, बांबूची टोपली विणणारी बाई. त्यांना मानधन द्या, आणि ते विद्यापीठातून आलेल्या तज्ज्ञाला द्याल त्याहून कमी नको. हा मुद्दा मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. ज्याच्या ज्ञानाला आपण शाल-श्रीफळ देतो पण मजुरी देत नाही, त्याचं ज्ञान हलकं आहे असं पोरं मनात धरतात. बांबू-तेंदूच्या उत्पन्नातून ग्रामसभेकडे निधी येत असेल तर पोरांचं आणि वडीलधाऱ्यांचं दोन्ही मानधन तिथून काढावं.

बोलणं गोंडी-माडियातच चालू द्या. नोंद देवनागरीत करा, पण झाडाचं नाव आधी गावचं, मग मराठी, मग शास्त्रीय. शास्त्रीय नावाची भीती वाटू देऊ नका. ते शेजारच्या छत्तीसगडातल्या किंवा ओडिशातल्या गटाशी बोलताना उपयोगी पडतं, एवढंच सांगावं.

पहिल्या फेऱ्या हात मोकळे ठेवून

पहिले काही आठवडे तक्ता नको, फीत नको. म्हातारा पुढे, पोरं मागे. तो थांबेल तिथे थांबायचं. एका मुलाकडे आवाज मुद्रित करणारा फोन द्या आणि बाकीच्यांचे फोन पिशवीत ठेवा. संध्याकाळी गोटुलात किंवा समाजमंदिरात बसून ऐकलेलं पुन्हा सांगायचं.

या फेऱ्यांत पोरांना एकच प्रश्न विचारायला शिकवा : 'कशावरून?' उद्धटपणे नाही, कुतूहलाने. 'या नाल्यात आता पाणी टिकत नाही', कशावरून? 'पूर्वी या वळणावर चैत्रातही मासे धरायचो.' 'हा बांबू कोवळा आहे', कशावरून? 'पेराला अजून टरफल चिकटलंय, अंगावर पांढरी भुकटी आहे.' म्हाताऱ्याने पुरावाच दिला, फक्त त्याला पुरावा म्हणत नाहीत. निरीक्षण, तुलना, अपवाद, अंदाज हे सगळं त्या बोलण्यात असतं. ते पोरांना ऐकू यायला लागलं की पुस्तकातल्या 'वैज्ञानिक पद्धती'चा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

त्यानंतर ऐकलेल्या वाक्यांतली मोजता येतील अशी वाक्यं वेगळी काढा. 'देव रागावला म्हणून मोह आला नाही' हे मोजायचं वाक्य नाही. त्याच्याशी वादही घालू नका, ती त्या माणसाची श्रद्धा आहे. 'फुलायच्या वेळी आभाळ राहिलं की मोह कमी पडतो' हे मात्र मोजायचं वाक्य आहे. पर्जन्यमापक, रोजच्या आभाळाची नोंद आणि फुलांचं वजन एवढ्यावर ते तपासता येतं. चार-पाच वर्षं लागतील, पण येतं.

मोहाचा प्रयोग, पहिल्यापासून शेवटपर्यंत

कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर मोह घ्या. प्रत्येक घराचा त्याच्याशी संबंध आहे, आणि एका झाडात जीवशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम मावतो.

गावाच्या सीमेतली तीस झाडं निवडा : काही शेताच्या बांधावरची, काही आत जंगलातली, काही जुनी, काही तरुण. प्रत्येकाला क्रमांक द्या. खिळा ठोकू नका, सैल दोरीत पत्र्याची पट्टी बांधा. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजा. भारतात वनशास्त्रात याच उंचीवर मोजतात, त्यामुळे तुमचा आकडा देशातल्या कुणाच्याही आकड्याशी ताडता येतो. फोनवर जागेची नोंद घ्या आणि कक्ष क्रमांकाच्या नकाशावर ठिपके मांडा.

जानेवारीपासून आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी प्रत्येक झाड बघायचं. पानं, कळ्या, फुलं, फळं, प्रत्येकासमोर तीनच शेरे : नाही, थोडं, पुष्कळ. 'सीझनवॉच' हा झाडांच्या ऋतुचक्राचा देशव्यापी लोकसहभागी उपक्रम अशाच सोप्या शेऱ्यांवर चालतो, आणि ही पद्धत चांगली यासाठी की दोन वेगळी माणसं एकाच झाडाला बहुतेक वेळा एकच शेरा देतात. खरंच देतात का, तेही तपासा. दोन जोड्या एकाच दिवशी वेगवेगळ्या पाठवा आणि रात्री नोंदी ताडून बघा. फरक का पडला, यावर जी चर्चा होते ती फार मोलाची.

मार्च-एप्रिलात फुलं पडायला लागली की दहा झाडांखालची फुलं रोज पहाटे वेचून तोलायची. ओली वेगळी, वाळवून वेगळी. ज्या घराचं झाड त्या घरालाच फुलं परत. प्रयोगाच्या नावाखाली कुणाची ओंजळभरही फुलं कमी होता कामा नयेत.

याच वेळी एक गोष्ट हातात घेऊन दाखवा. वेचलेल्या फुलात बीजांडकोश नसतो. खाली पडतो तो गोड, मांसल पाकळ्यांचा पुंजका. फळ होणारा भाग वर फांदीलाच राहतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर टोळी, म्हणजे मोहाचं फळ, पिकते. म्हणजे मोह वेचल्याने फळ कमी होत नाही. वेचणाऱ्या बायकांना हे अनुभवाने ठाऊक असतं, पोरांना ते भिंगातून दिसतं. रात्री झाडाखाली बसलात तर वटवाघळंही भेटतील. ती फुलं खायला येतात आणि परागण करून जातात. परागणाचा धडा अंधारात शिकायला मिळणं हा मोठा ठेवा आहे.

मग नवी झाडं का दिसत नाहीत? कारण आग. पडलेली फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. त्यात रोपं जातात आणि आग हुकली की कक्षच्या कक्ष जळतात. शिवाय बिया तेलासाठी वेचल्या जातात. इथे खरा प्रयोग मांडा. दहा झाडांखाली नेहमीप्रमाणे पाला जाळलेला, पण तोही जाळरेषा काढून आणि माणसं उभी करून. दहा झाडांखाली पाला झाडून बाजूला केलेला. दहा झाडांखाली जाळी पसरलेली. कुठल्या झाडाला कुठली पद्धत हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. आपल्या मनाने ठरवलं तर सोपी झाडं सोप्या पद्धतीच्या वाट्याला जातात. चिठ्ठी का टाकली हे पोरांना समजलं तर प्रयोगाच्या मांडणीतली सगळ्यात अवघड गोष्ट समजली.

प्रत्येक पद्धतीत वेचायला किती वेळ लागला, फुलं किती स्वच्छ निघाली, आणि पावसाळ्यानंतर झाडाखालच्या ठरलेल्या चौकोनांत किती रोपं जगली, एवढं मोजा. वेळ मोजायला विसरू नका. जाळीने जंगल वाचतं हे सगळ्यांना पटतं, पण पहाटे तीनला उठणाऱ्या बाईचा तासभर वाढत असेल तर ती जाळी वापरणार नाही, आणि तिचं बरोबर आहे.

टोळीच्या काही बिया रोपांसाठी राखून ठेवा. मोहाची बी ताजीच पेरावी लागते, साठवली तर उगवण झपाट्याने घसरते. एक आठवडा, तीन आठवडे, सहा आठवडे ठेवलेल्या बिया पेरून शाळेच्या आवारातच हे दाखवता येईल.

जुने नियम प्रश्न म्हणून बघा

माडिया आणि गोंड गावांत पंडुम, म्हणजे नव्या फळा-पिकाचे सण, होतात. मरका पंडुम झाल्याशिवाय आंबा खायचा नाही. इतर फळांनाही आपापल्या गावचे असे नेम असतात. बाहेरचा माणूस याला अंधश्रद्धा म्हणतो किंवा डोळे मिटून 'प्राचीन विज्ञान' म्हणून गौरवतो. दोन्हींत आळस आहे. नियम तपासता येतो.

चारोळीचं उदाहरण घ्या. बाजारभाव चांगला मिळतो म्हणून चार पिकण्याआधीच ओरबाडला जातो, फांद्या तोडल्या जातात. जुन्या माणसांना विचारा, पूर्वी चार कधी काढायचा? त्यांनी सांगितलेल्या दिवसाच्या दोन आठवडे आधी, त्या दिवशी आणि दोन आठवड्यांनी फळं काढा. प्रत्येक खेपेच्या शंभर बिया, कठीण कवच हलकेच फोडून, सारख्या मातीत पेरा. किती उगवल्या ते मोजा आणि शंभर दाण्यांचं वजनही घ्या. जुना नेम खरा ठरला तर ग्रामसभेला संकलनाची तारीख ठरवायला आधार मिळाला. खरा ठरला नाही तर तेही मांडा. पाऊसमान बदलल्याने तारीख सरकली असेल, आणि तो स्वतंत्र शोध आहे.

बांबूतही हेच. रांजीतले (बांबूच्या बेटातले) बांबू या वर्षीचे, गेल्या वर्षीचे आणि त्याहून जुने अशा तीन गटांत मोजा. कोंब जमिनीतून जेवढा जाड निघतो तेवढाच राहतो आणि एका हंगामात पूर्ण उंची गाठतो, हे पोरांनी स्वतः फितीने मोजून बघावं. मग काही रांज्यांत फक्त जुने बांबू काढा, काहींत अधिक काढा आणि काहींना हातच लावू नका. पुढच्या पावसाळ्यात वास्ते (नवे कोंब) किती आले ते मोजा. भाजीसाठी कुणी काढून नेलेले वास्तेही खुटावरून मोजायचे, नाहीतर हिशेब चुकतो.

हात न लावलेला गट ठेवणं फार महत्त्वाचं. अमेरिकेत पोटावाटोमी समाजातल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञ प्राध्यापिकेने आणि त्यांच्या विद्यार्थिनीने टोपल्या विणायच्या सुगंधी गवतावर असाच अभ्यास केला. विणकर बायकांमध्ये दोन मतं होती : एकेक पातं खुडून घ्यावं, की मुळासकट उपटावं. दोन्ही पद्धती प्रत्यक्ष करून पाहिल्या. अर्ध्यापर्यंतच घ्यायचं, हा नियम दोन्हींत होता. दोन्ही तुकड्यांत गवत जोमाने वाढलं. खंगलं ते हात न लावलेल्या तुकड्यात. 'वापरलं की संपतं' असं धरून चालणाऱ्यांना या निकालाने विचार करायला लावलं. आपल्या बांबूचं काय, ते आपल्याला मोजूनच कळेल.

काय लिहायचं नाही

नोंदी सुरू करण्याआधी हा भाग गटासमोर मोठ्याने वाचा. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. माधव गाडगीळांनी नव्वदच्या दशकापासून मांडलेल्या कल्पनेत ही वही लोकांनी लोकांसाठी लिहायची होती. पण वहीत सगळंच लिहिलं पाहिजे असं नाही. वनौषधीचा पाला, मुळी, प्रमाण, कशासाठी, ही माहिती वैदूच्या आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय लिहू नका, फोटो काढू नका, कुणाला पाठवू नका. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने पुरावे मांडून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. हळदीमागे अख्खा देश उभा राहिला. तुमच्या गावच्या मुळीमागे कोण उभं राहील? वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ट) ने पारंपरिक ज्ञानावरचा समाजाचा हक्क मान्य केला आहे, तो पोरांना वाचून दाखवा.

देवराईतली जागा, आग्या मोहोळाचे कडे, दुर्मिळ कंदांची ठिकाणं सार्वजनिक अ‍ॅपवर टाकू नयेत. 'आयनॅचरलिस्ट' हे अ‍ॅप झाडा-प्राण्यांची ओळख पटवायला उपयोगी आहे, पण त्यात ठिकाण झाकण्याची सोय आहे, ती आधी चालू करा. मूळ वह्या आणि फोनमधलं मुद्रण ग्रामसभेच्या कपाटात राहील, विद्यापीठाला हवं तर प्रत, तीही लेखी अटींवर. जगभरच्या आदिवासी समाजांनी २०१९ मध्ये माहितीच्या मालकीची जी तत्त्वं मांडली, त्यांचाही गाभा हाच : फायदा समाजाचा, अधिकार समाजाचा.

सामान, शाळा आणि रात्रीचं आकाश

सामान थोडं लागतं. शिंप्याची फीत, तीस मीटरची लांब फीत, तराजू, नायलॉनची दोरी, दहापट भिंग, सरळ कडांच्या डब्यातून केलेला पर्जन्यमापक, जाड पुठ्ठ्याच्या वह्या आणि पेन्सिली, कारण शाई पावसात पसरते. झाडांसाठी दहा मीटरचा चौकोन, झुडपांसाठी पाच मीटरचा, रोपं आणि गवतासाठी एक मीटरचा.

शाळेतल्या विज्ञान शिक्षकाला महिन्यातून एकदा जंगलात न्या, आणि गटाला महिन्यातून एकदा प्रयोगशाळेत. मातीचा सामू, बियांची उगवण, पराग सूक्ष्मदर्शकाखाली, हे तिथे. न ओळखलेल्या वनस्पतींचे वाळवलेले नमुने महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवता येतात. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे, तिथल्या विभागांशी ग्रामसभेने लेखी पत्रव्यवहार करावा.

जंगलात मुक्काम असेल तेव्हा आकाशही बघा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया यांनी गणेश हलकारे यांच्यासोबत विदर्भातल्या गोंड गावांत फिरून तिथलं ताऱ्यांचं ज्ञान नोंदवलं. सप्तर्षींचा चौकोन म्हणजे म्हातारीचं खाटलं आणि मागचे तीन तारे म्हणजे ते चोरायला आलेले चोर. ही गोष्ट सांगायला गावात अजून कुणीतरी असेल. ती ऐकून झाली की खाटलं रात्रभर ध्रुवाभोवती कसं फिरतं ते दर तासाला कागदावर काढायला लावा.

ग्रामसभेत मांडणी

निष्कर्ष गटातल्या पोरांनीच मांडायचे, शिक्षकाने नाही. तक्ते वाचून दाखवू नका. जमिनीवर तीन रांगा आखा : जाळलेली, झाडलेली, जाळी लावलेली. प्रत्येक जगलेल्या रोपासाठी एक खडा ठेवा. आलेखच तो, आणि म्हातारीलाही वाचता येतो. मग प्रश्न येऊ द्या. 'तुमची दहा झाडं नाल्याकाठची होती, तिथे रोपं जास्तच येतात' असं कुणी म्हटलं तर पोरांनी चिडू नये. हा उत्तम आक्षेप आहे. पुढच्या वर्षी नाल्याकाठची आणि टेकाडावरची झाडं वेगळी धरायची, असं वहीत लिहून घ्यावं.

एका वर्षाच्या आकड्यांवर मोठा निर्णय घेऊ नका, हेही गटानेच गावाला सांगावं. छोटा घ्यावा : यंदा एका टोल्यात (वस्तीत) जाळी, बाकी नेहमीसारखं.

वेळेचं गणित असं बसतं. दिवाळीनंतर धान निघालं की ठराव आणि गटाची निवड, डिसेंबरात जुन्या माणसांसोबतच्या फेऱ्या, जानेवारीत झाडांना क्रमांक आणि साप्ताहिक नोंदी. तेंदूची छाटणी फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे तेंदूचा प्रश्न घेतला असेल तर न छाटायची झाडं त्याआधीच निवडून, त्यांना रंगीत चिंधी बांधून, संकलन करणाऱ्या प्रत्येक घरी कळवून ठेवावं लागतं. मे महिन्यात तेंदूच्या घाईत गटातली पोरं स्वतःच पानं तोडायला जातील, तेव्हा साप्ताहिक नोंदीची पाळी कोण सांभाळणार हे एप्रिलमध्येच ठरवून टाका.